कच्चा टाका

ऑफिसात त्याला सगळे तंद्रीबुवा म्हणत, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. चालता चालता तो मध्येच थांबायचा, चहाचा कप ओठाशी नेऊन तिथेच विसरायचा, आणि हाक मारली तर दुसऱ्या हाकेला ओ द्यायचा, तीही नुसती "अं?" अशी. त्याची खुर्ची खिडकीला लागून होती. दुपारी ऊन आत येऊन टेबलावर सांडे, तिथून जमिनीवर उतरे, मग समोरच्या भिंतीवर चढून निघून जाई, आणि तंद्रीबुवा त्याच्याबरोबर हळूहळू मान फिरवत बसलेला असे. नव्या माणसाला वाटावं, हा पगार कशाचा घेतो? जुन्यांना माहीत होतं की याची मान फिरत असते तेव्हाच याचं काम चाललेलं असतं. पन्नाशीला आलेला माणूस, केस पांढरे, स्वेटरच्या कोपराला ठिगळ. ठिगळ मात्र असं की मूळ स्वेटरनं लाजावं. ते मावशीनं लावलेलं होतं.

कंपनी मनगटी पट्टे बनवी. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या मनगटावर पट्टा बांधायचा, आणि दूर राहणाऱ्या मुलाबाळांनी आपल्या फोनवर एकच ओळ वाचायची: शेवटची हालचाल कधी झाली. जेवलीस का, पाय दुखतोय का, कंटाळा आलाय का, यातलं पट्टा काही सांगत नसे. फक्त 'थोड्या वेळापूर्वी', 'सकाळी', 'काल'. तेवढ्या एका ओळीवर लोक निवांत असत.

त्या ओळीमागचा एक चिमुकला तुकडा तंद्रीबुवाकडे होता. पट्टा वेळ सांगे ती दशांशात: मी जागा झाल्यापासून इतके सेकंद, मग टिंब, मग सेकंदाचा चुरा. फोनच्या घड्याळाला असला चुरा चालत नाही. त्याला पूर्ण, मोजलेले दाणे लागतात. याची भाषा त्याला समजावून सांगायची, एवढंच काम. ऐकायला अर्ध्या तासाचं, आणि तंद्रीबुवाची त्यात वर्षं गेली होती.

कारण आकडा म्हणजे आकडा, त्यात भलाबुरा काय, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. कधी उणा आकडा येतो, म्हणजे पट्टा जागा होण्याच्याही आधी कुणीतरी हललं. कधी असा अवाढव्य येतो की घड्याळात मावतच नाही. कधी अनंत येऊन उभा राहतो. आणि या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे जो आकडा आकडाच नाही, तो. शून्याला शून्यानं भागायला सांगितलं की यंत्र बिचारं त्याला पुढे करतं. तो आकड्यांच्या रांगेत उभा राहतो, आकड्याचेच कपडे घालतो, पण 'तू तूच का?' असं विचारलं तर 'नाही' म्हणतो. तंद्रीबुवाची त्याच्यावर माया होती. बसच्या खिडकीला डोकं टेकून तो त्याचाच विचार करी. जो स्वतःशीसुद्धा जुळत नाही तो राहत कुठे असेल, संध्याकाळी कुणाकडे जात असेल. असल्या विचारात त्याचा थांबा हमखास निघून जाई आणि तो पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत येई.

यातला कुठलाही आकडा न तपासता घड्याळाच्या हाती दिला की अख्खा प्रोग्रॅम कोसळायचा. म्हणून आधी तपासायचं आणि मग द्यायचं. हे शहाणपण त्याला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. ते त्याला शर्टांच्या कारखान्यात, टेबलाखाली बसून मिळालं होतं.

माय मरो पण मावशी उरो, अशी म्हण आहे. त्याची माय खरंच गेली आणि मावशी खरंच उरली, त्यामुळे लहानपणी कुणी ती म्हण म्हटली की त्याला वाटे, हे आपल्यालाच टोचून बोलतायत. मावशी काज-बटणाच्या टेबलावर होती. शाळा सुटली की तो थेट तिथे जाई आणि तिच्या पायांशी चिंध्यांच्या ढिगात बसे. वरून यंत्रांची घरघर, मध्ये तिची निळी साडी, खाली घरंगळत आलेल्या गुंड्या. त्यातली एक त्यानं एकदा गिळली आणि तेव्हापासून तिच्या तोंडी तो गुंड्या झाला. पन्नाशीतही गुंड्याच.

मावशीची एक रीत होती. काज कापण्याआधी ती गुंडी खुणेवर ठेवून पाही. एकाच पेटीतल्या, एकाच मापाच्या गुंड्या असल्या तरी प्रत्येक गुंडी. "कापड एकदा कापलं की समजूत घालून जुळत नाही," असं म्हणे. आणि दुसरी रीत, जिच्यापायी तिनं मुकादमाच्या खूप शिव्या खाल्ल्या: त्या जातीची गुंडी संपली असेल तर ती तिथे मिळतीजुळती गुंडी लावत नसे. त्या जागी लाल दोऱ्याची गाठ मारून शर्ट पुढे सरकवी. मुकादम म्हणे, "अगं लाव की कुठलीतरी, कुणाच्या लक्षात येतंय?" मावशी मान वर न करता सांगे, "म्हणूनच. लक्षात यायला नको का, की इथे नाहीये?"

दुपारच्या सुट्टीत बायका टेबलांखाली चिंध्यांवर आडव्या होत. मावशी उजवा हात डोक्याखाली घेई आणि जी झोपे ती दगड. जगबुडी आली असती तरी तिचं बोट हललं नसतं. तो शेजारी पडून तिच्या हाताची नाडी कानानं ऐके, आणि ऐकता ऐकता त्यालाही झोप लागे. आयुष्यात इतकी शांत जागा त्याला पुन्हा मिळाली नाही.

एवढं सगळं गाठीशी असताना त्याच्या हातून ते व्हावं, याचं नवल वाटतं. पण काखेत कळसा असतानाच माणूस गावाला वळसा घालतो.

झालं असं. बाहेरून मोठे लोक पट्टा पाहायला आले होते. मॅनेजरबाईंनी खोक्यातून एक कोरा पट्टा काढून टेबलावर ठेवला. पट्टा कुणाच्याही मनगटावर नव्हता. थरथर शून्य, नोंदी शून्य, शून्याला शून्यानं भागलं गेलं, आणि तो स्वतःशी न जुळणारा पाहुणा तपासणीच्या नेमक्या एका फटीतून आत शिरला. पडद्यावरचं सगळं विझलं. मोठ्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं.

मॅनेजरबाई बाहेर आल्या. बाई वाईट नव्हत्या, पण त्या क्षणी त्यांचा चेहरा दुष्काळात तेरावा महिना आल्यासारखा झाला होता. "ते पडायचं थांबव," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "कसं ते मला सांगू नकोस. आणि रिकामी जागा दाखवू नकोस, रिकामं दिसलं की लोक घाबरतात."

तंद्रीबुवानं एक ओळ लिहिली. आकडा वाईट निघाला तर त्याच्या जागी 'आत्ता' घे. आत्ताच का? तर आत्ता ही एकच वेळ माणसाच्या नेहमी हाताशी असते. लिहिताना त्याला ठाऊक होतं की हा कच्चा टाका आहे. शिवणीआधी घालतात तसा, नंतर ओढून काढायचा. उद्या काढू, असं तो मनात म्हणाला. उद्या ऊन फार छान पडलं होतं, आणि तो मान फिरवत बसला. परवापर्यंत टाका त्याच्या डोक्यातून गेला होता. प्रोग्रॅम पुन्हा पडला नाही, तक्रार आली नाही, पट्टे खपू लागले. चाललेल्या गाड्याला कोण हात लावतो?

पुढे त्यानं मावशीलाही पट्टा नेऊन दिला. ती आता कारखान्यातून मोकळी झाली होती आणि नदीपलीकडे, न्हाव्याच्या दुकानावरच्या खोलीत एकटी राहत होती. त्याच्या घरी यायला तयार नव्हती. "तुझ्या घराच्या खिडक्या उघडत नाहीत," असं कारण तिनं दिलं होतं, आणि ते खरंही होतं. पट्टा उलटसुलट करून तिनं त्याचं बक्कल पाहिलं, काज पाहिलं, नाक मुरडलं.

"यातून तुला मी दिसणार?"

"दिसणार."

"मग बांध," ती म्हणाली आणि डावा हात पुढे केला.

त्याआधी तो तिला रोज फोन करी. पट्टा आल्यावर एक दिवसाआड झाला, मग जमेल तेव्हा. मन मोठं लबाड असतं. डोळ्यांना दिसतंय तर कानांना कशाला त्रास, असं त्यानं स्वतःलाच पटवलं. बायको एकदा म्हणालीही, "हल्ली मावशींचा आवाज नाही आपल्या घरात."

"बरी आहे ती," तो फोन तिच्यापुढे धरून म्हणाला. "हे बघ ना. थोड्या वेळापूर्वी."

"मी आवाजाचं म्हणतेय," बायको म्हणाली आणि आत गेली.

मग तो आठवडा आला. त्या आठवड्यात तंद्रीबुवा इतका सुखात होता की लिफ्टमध्ये शीळ घालत होता. कारण जेव्हा जेव्हा तो फोन उघडे, तेव्हा मावशीच्या नावापुढे एकच शब्द असे: आत्ताच. सकाळी बसमध्ये आत्ताच. चहाच्या वेळी आत्ताच. तो डोळे मिटून घेई आणि त्याला ती दिसे. आत्ताच तिनं खिडकी उघडली. आत्ताच कुंडीतल्या रोपाचं वाळलेलं पान खुडलं. आत्ताच सुईत दोरा ओवायला दोरा ओठांत ओला केला. त्याच्या मनात तिची खोली उन्हानं भरलेली असे आणि ती त्यात एकसारखी इकडून तिकडे फिरत असे, निळी साडी, हलक्या पावलांची, दिवसेंदिवस तरुण होत चाललेली. म्हातारपणी कुणाकुणाला असा बहर येतो म्हणतात, तसं असेल, असं त्याला वाटलं. त्याला फार बरं वाटत होतं, हे इथे सरळ सांगितलं पाहिजे.

शुक्रवारी दुपारी जेवण झालं होतं. ऑफिस पेंगत होतं. ऊन टेबलावरून उतरायच्या बेतात होतं आणि तंद्रीबुवाची मान त्याच्याबरोबर निघाली होती. त्यानं सवयीनं फोन पाहिला. आत्ताच. त्यानं डोळे मिटले आणि मावशीला शोधू लागला. खिडकीपाशी ती नव्हती. कुंडीपाशी नव्हती. मनातली ती खोली त्यानं सगळी पाहिली, आणि मग त्याला ती दिसली: उजवा हात डोक्याखाली घेऊन झोपलेली. दुपार होती. या वेळी ती झोपते. जन्मभर झोपत आलीय. या वेळी तिचं बोट हलत नाही.

त्यानं डोळे उघडले. आत्ताच. त्यानं फोन बंद करून उघडला. आत्ताच. थोडं थांबून पाहिलं. आत्ताच. ऊन जमिनीवर उतरलं, आणि पहिल्यांदाच तंद्रीबुवाची मान त्याच्यामागे गेली नाही. जी बाई प्रत्येक क्षणी आत्ताच हललेली असते, ती खरं तर कधी हलली हे कुणालाच ठाऊक नसतं. ती ओळ त्याला आठवली. कुठल्या दिवशी लिहिली, काय म्हणून लिहिली, सगळं.

त्यानं फोन लावला. घंटी वाजत राहिली. तो स्वेटर खुर्चीवरच टाकून जिना उतरला.

बस पुलावर आली तेव्हा नदी नेहमीसारखीच संथ होती आणि तिच्याकडे पाहवत नव्हतं. या वेळी त्याचा थांबा चुकला नाही. न्हावी दुकानाच्या दारात एका गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस झटकत होता. तंद्रीबुवाला पाहून म्हणाला, "आलात? बरं झालं. त्या म्हणतच होत्या की येतील."

"काय झालंय?"

न्हाव्याचा हात थांबला. "पडल्या ना सोमवारी. मोरीत. तुम्हाला माहीत नाही?"

तो जिना चढला. दार नुसतं लोटलेलं होतं. खोलीत पडदा ओढलेला, त्यातून दुधाळ उजेड येत होता. मावशी खाटेवर आडवी होती, एक पाय उशांवर, घोटा सुजून निळा झालेला. उजवा हात डोक्याखाली, आणि डावा हात पांघरुणावर सरळ ठेवलेला, मनगटावर पट्टा. पट्ट्याची काच पडताना तडकलेली, त्यातून आता नुसते वाईट आकडेच येत असणार. छाती हळूहळू वरखाली होत होती. फोन वरच्या फळीवर होता, तिच्या हाताला न पुरणारा. तो खाटेशी बसला आणि ती उठायची वाट पाहू लागला.

तिनं डोळे उघडले. त्याला पाहून तिला नवल वाटलं नाही. "आलास," ती म्हणाली. "कामात होतास ना?"

"मावशी, फोन का नाही करायला लावलास? खाली न्हावी आहे, त्याला सांगायचंस."

"तो म्हणत होता. मीच नको म्हटलं. उगाच कशाला, गुंड्याला दिसतंय म्हटलं. हा रोज बघतो." तिनं डाव्या हाताकडे नजर वळवली. "मी हा हात मुद्दाम हलवलाच नाही रे. जेवायची ती या दुसऱ्या हातानं. म्हटलं, हलला नाही की गुंड्याला कळेल."

तंद्रीबुवानं तिच्या पांघरुणावर कपाळ टेकलं. चार दिवस ती हात न हलवता त्याला हाका मारत होती, आणि चार दिवस तो शीळ घालत होता. त्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. मावशीनं अखेर तो डावा हात उचलला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. अवघडलेला हात, बोटं ताठरलेली.

"काय झालं ते तरी सांग," ती म्हणाली.

"मी कच्चा टाका घातला होता. गुंडी नव्हती तिथे मिळतीजुळती लावली."

पट्टा, आकडे, घड्याळ, यातलं तिला काही ठाऊक नव्हतं. पण हे तिला कळलं.

"आणि काढायचा राहिला."

"हो."

"मग काढ," ती म्हणाली. "आता आधी मला उठव. पाठ धरलीये."

हाड मोडलेलं नव्हतं, घोटा मुरगळला होता. डॉक्टरांनी पाय बांधून दिला, आणि इतके दिवस न दाखवता पडून राहिल्याबद्दल तिला, आणि तिला तसं राहू दिल्याबद्दल त्याला, दोघांना सारखंच रागावले. बायको मावशीकडे राहायला गेली. न उघडणाऱ्या खिडक्यांचा प्रश्न असा सुटला.

पुढच्या सोमवारी तंद्रीबुवानं ती ओळ काढली. तिच्या जागी सावकाश, प्रत्येक गुंडी खुणेवर ठेवून पाहावी तसं लिहिलं. आकडा खरोखर आकडा आहे का? उणा आहे का? घड्याळात मावतो का? मावत असेल तरच त्याची वेळ कर. नसेल तर कोसळू नकोस, पण वेळही देऊ नकोस. वेळ नाही, आणि का नाही, एवढं मागे कळव. आणि पडद्यावर त्या माणसाच्या नावापुढे त्यानं एक बारीक लाल गाठ काढली, आणि शेजारी दोन शब्द: माहीत नाही.

मॅनेजरबाईंनी ते पाहिलं आणि खुर्ची ओढून बसल्या. "माहीत नाही? अरे, लोक पैसे कशाचे देतात आपल्याला? झाकली मूठ सव्वा लाखाची असते. हे वाचून लोक घाबरतील."

"घाबरतील," तंद्रीबुवा म्हणाला. "आणि फोन करतील."

"उगाच भलतं काही करू नकोस. चालतंय ते छान चालतंय. हे बघ, आमचे बाबा." त्यांनी आपला फोन पुढे केला. "आत्ताच. मी कधीही बघते, ठणठणीत असतात."

तो फोनकडे पाहत राहिला. तंद्री लागलेली नव्हती, हे बाईंना त्याच्या डोळ्यांवरून कळलं. त्यांनीही पाहिलं. फोन मिटला, उघडला. मग त्या उठल्या आणि बाहेर व्हरांड्यात गेल्या. काचेतून त्यांची पाठ दिसत होती, आणि कानाला लावलेला हात. बराच वेळ पाठ ताठ होती. मग खांदे सैल झाले.

परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज बारीक झाला होता. "पट्टा कपाटात आहे. खाजतो म्हणून काढून ठेवलाय. कधीपासून, ते सांगत नाहीत." "टाक ते तुझं माहीत नाही."

मावशीचा नवा पट्टा त्याच आठवड्यात आला. तो अजून तंद्रीबुवाच्या टेबलाच्या खणात आहे. नदीपलीकडे जाताना तो न्यायचा विसरतो. विसराळू माणसाचं हे एक बरं असतं, कुणी संशय घेत नाही. जुना, तडकलेला पट्टा मावशीच्या मनगटावर आहे, आणि त्याच्या फोनवर तिच्या नावापुढे कायमची लाल गाठ.

बायको परत आलीय, मावशीच्या घोट्याची सूज उतरलीय. ऊन टेबलावरून जमिनीवर, जमिनीवरून भिंतीवर जातं. ते भिंतीवर चढलं की तंद्रीबुवा फोन उचलतो. लाल गाठ पाहतो. माहीत नाही, असं वाचतो. मग नंबर लावतो. फोन आता तिच्या उशाशी असतो. दोनतीन घंट्या जातात.

"काय रे गुंड्या?"

"काही नाही. काय करतेस?"

पलीकडे जांभई, खाटेची करकर, पडदा सरकल्याचा आवाज. तो डोळे मिटत नाही. नुसतं ऐकतो.

"आत्ताच उठले," ती म्हणते.